कावळ्याला दिलेला शब्द

कावळा बाभळीवर बसला होता आणि खाली उतरायचं नाव घेत नव्हता.

ओढ्याच्या काठाला पिंड मांडून बराच वेळ झाला होता. पंडितचा दहावा. पार गेवराईपासूनचे सोयरे जमलेले, आणि सगळे जण पिंडापासून लांब सरून, उन्हात डोळे बारीक करून कावळ्याच्या मर्जीची वाट बघत उभे होते. वर्षभर ज्याला हुश्‌ हुश्‌ करून हाकलतात, त्याला या एका दिवशी एवढा मान मिळतो. मग तो का भाव खाणार नाही?

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय. मग ज्याला जे सुचेल ते त्यानं कबूल करायचं. चुलता पुढं झाला आणि हात जोडून म्हणाला, "पंडित, तुज्या आईबापाला मी उघडं पडू देनार न्हाई." कावळ्यानं मान फिरवली. मेव्हणा म्हणाला, "मेंढरं मोडनार न्हाई, कळप हाय तसा ठिवू." कावळ्यानं फांदीला चोच घासली. बहिणीनं काय काय कबूल केलं ते रडण्यात कुणाला कळलंच नाही, कावळ्यालाही नाही. पंडितचा बाप सटवा, ज्याला सगळी वस्ती आबा म्हणते, तो मात्र होता तिथंच उभा राहिला. त्याची नजर झाडावर नव्हती, भाताच्या गोळ्यावर होती.

मागच्या बाजूला पंडितचे तीन दोस्त उभे होते. चौसाळ्यात फ्लेक्सचं दुकान चालवणारा रामेश्वर, गेवराईला औषधाच्या दुकानात बसणारा सत्यम आणि जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवणारी चैताली. रामेश्वरला इतक्या दिवसांत धड रडूही आलं नव्हतं. पंडितच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स त्यानं स्वतः छापला, फोटोभोवती हार बसवला, तेव्हाही हात आपले सवयीनं चालले. आता सगळे बोलून थकले, गप्प झाले, आणि त्या गप्पपणात त्याच्या तोंडातून निघून गेलं, "पंडित, आपला अर्धा डाव आमी पुरा करतो बे! शब्द देतो!"

कावळा उतरला. सरळ पिंडावर.

तेवढ्यात त्याला भूकही लागली असेल, पण हे त्या वेळी कुणी बोललं असतं तर मार खाल्ला असता. बायकांनी डोळ्याला पदर लावले, चुलत्यानं मोठा श्वास सोडला, आणि मग एकेक मान रामेश्वरकडं वळली.

"आमच्यात कावळ्याला कुणी विचारत नाही," चैताली हळूच म्हणाली. तिच्या घरी तीन पिढ्या बुद्धवंदना चालते. "पण तू आता बोललास ते बोललास."

"कसला डाव?" चुलत्यानं दरडावून विचारलं. "पत्त्याचा?"

"न्हाई काका. सोंगाचा."

यावर चुलत्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

सोंगाचा डाव पंडितनं संभाजीनगरला हॉस्टेलवर असताना उचलला होता. एकानं मास्तर व्हायचं. मास्तरानं जग सांगायचं, की समोर डोंगर आहे, डोंगरात गुहा आहे, गुहेत कुणीतरी घोरतंय. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं आणि आपलं सोंग आता काय करतं ते सांगायचं. जमेल का नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. पट नाही, सोंगट्या नाहीत, जिंकणं नाही, हरणं नाही. गेली सहा वर्षं हे चौघं रविवारच्या दुपारी फ्लेक्सच्या दुकानामागच्या खोलीत शाईच्या वासात बसायचे, आणि गावाला वाटायचं की ही मंडळी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात. कुणी विचारलं तर तेही नाही म्हणायचे नाहीत.

रामेश्वरचं सोंग म्हणजे वज्रनाथ. सुरुवातीला त्याच्याकडं एक बोथट कुऱ्हाड होती आणि पहिल्याच रविवारी त्याला गावच्या कुत्र्यांनी फाडलं होतं. चैतालीची उल्का जादूगारीण, पण पहिलं वर्षभर तिला धड शेकोटी पेटवता येत नव्हती. सत्यमचा मांजऱ्या हा चोर, तो पाव चोरताना सापडायचा. मग अनुभव साठत गेला तशी एकेक लेव्हल चढत गेली. मास्तर पंडित असला म्हणजे फुकट काही मिळायचं नाही. वीसपैकी अठरावी लेव्हल येईतो वज्रनाथ एका घावात डोंगर उभा चिरायला लागला, उल्का आभाळातून तारे उतरवायला लागली, आणि मांजऱ्या माणसाची सावली चोरायचा, राजाच्या डोक्यातली एखादी आठवण चोरायचा आणि राजाला पत्ता लागू द्यायचा नाही. एवढी दांडगी माणसं झाल्यावर त्यांच्यापुढं उभं करायला पंडितला शत्रूच उरेना.

तेव्हा त्यानं त्यांना नीजमुलखात धाडलं.

नीजमुलूख म्हणजे कुणाचं तरी स्वप्न. तिथली नदी, तिथले डोंगर, तिथली माणसं, सगळं कुणीतरी झोपेत बघतंय. तिथं कुऱ्हाडीच्या धारेला किंमत नाही. तिथून बाहेर पडायची वाट एकच. झोपलेला कोण ते शोधायचं आणि त्याला उठवायचं. तो उठला की स्वप्न मोडलं आणि डाव संपला. पंडितनं तिघांना नीजमुलखाच्या वेशीतून आत घेतलं, "फुडच्या रविवारी बगू" म्हणाला, आणि त्याच आठवड्यात डेंग्यूच्या तापात गेला.

त्यानं कधी काही लिहून ठेवलं नव्हतं. "कागदावर घातलं की मरतंय बे," असं तो म्हणायचा. त्यामुळं पुढं काय होतं ते जगात कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणजे, एक सोडून. रामेश्वरला माहीत होतं. आजारी पडायच्या थोडं आधी पंडितनं त्याला मांजरसुंब्याच्या ढाब्यावर एकट्याला गाठून, शेवभाजीत भाकरी बुडवत सांगितलं होतं, "कुनाला बोलू नको. ते सपान तुजं हाय. झोपलेला वज्रनाथच हाय. तो उठला का मांजऱ्या आन उल्का खल्लास. ती दोगं खरी नव्हतीच कधी." रामेश्वर खूश झाला होता. सगळ्यात मोठं गुपित आपल्याकडं! पण तेव्हा मास्तर पंडित होता. सत्यमचं आणि चैतालीचं सोंग पुसायचं पाप पंडितच्या माथी जाणार होतं. आता शब्द दिला रामेश्वरनं, म्हणून मास्तर व्हायचं रामेश्वरनं, आणि त्या दोघांनी सहा वर्षं जिवापाड जपलेली सोंगं तोंडानं मारायची तीही रामेश्वरनंच. त्याला वाटलं, कावळ्यानं आपल्याला चांगलंच कात्रीत पकडलं.

त्यानं ठरवलं, काही दिवस गप्प बसायचं. माणसं विसरतात.

आबा विसरला नाही. पहिल्याच रविवारी दुपारी पटका बांधून, काठी टेकत तो दुकानात हजर झाला आणि फ्लेक्सच्या गुंडाळीवर बसला. डोळे लाल, जसं काही डोळे आले आहेत.

"कवा बसायचं डावाला?"

"बसू की आबा. जरा कामं हायत."

"कामं सरत न्हाईत." आबानं भिंतीवरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या नमुन्यांकडं बघितलं. मग म्हणाला, "तुला सांगतो. पंडित समद्यांच्या सपनात येतो. त्याच्या आईच्या आला. भैनीच्या आला. चुलत्याला म्हनला, काका, पान खाऊ का. लोकर न्यायला यीतो त्यो मानूस, त्याचं आन पंडितचं काय सोयरसूतक? त्याच्याबी सपनात गेल्ता. माज्या न्हाई आला. येकदाबी न्हाई."

रामेश्वरनं फ्लेक्सचा एक तुकडा उचलून परत ठेवला.

"त्याचं मन डावात गुतलंय. कावळ्यानं सांगितलंच की ते. डाव सुटला का त्यो मोकळा हुईल आन माज्याकडं यील." आबानं काठी जमिनीवर टेकवली. "मला दुसरं काय नको. येकडाव दिसावा, बस."

आता या माणसाला काय सांगायचं? हा निव्वळ खेळ आहे, कावळा भुकेला होता, आणि स्वप्नांवर कुणाची सत्ता नसते? रामेश्वरनं मुकाट फोन काढला आणि सत्यमला, चैतालीला बोलावून घेतलं.

अशी मागच्या खोलीत बैठक बसली. पंडितच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. रामेश्वर खोक्यावर बसला आणि घसा खाकरून मास्तर झाला; वज्रनाथही त्यालाच सांभाळायचा होता.

फार वाईट मास्तर होता तो. पंडित बोलायचा तेव्हा जग डोळ्यांपुढं उभं राहायचं. रामेश्वर बोलायला लागला की जग आपल्याच पायात पाय अडकून पडायचं. नीजमुलखात त्यानं मांजरसुंब्याचा चौक आणला, कारण दुसरं काही सुचेना. चौकातून ट्रकांऐवजी मेंढ्या चालल्या होत्या, एकेक मेंढी घराएवढी, आणि तिच्या पाठीवर पेटलेल्या भट्टीसकट अख्खा ढाबा. चैतालीच्या उल्कानं तारे उतरवले तर ते रांगेत उभे राहिले आणि हजेरी घ्या म्हणाले. सत्यमच्या मांजऱ्यानं कुणाचा तरी खिसा कापला तर आत त्याचाच हात निघाला. स्वप्नात असंच असतं म्हणून दोघांनी सांभाळून घेतलं.

"पण मघाशी नदी डाव्या हाताला होती," चैताली म्हणाली.

"आता उजव्या हाताला हाय."

"का?"

"मला काय म्हाईत!" रामेश्वर वैतागला. आणि ते खरंच होतं. आपण सांगतोय ते कुठून येतंय, पंडितनं कधी सांगितलेलं आठवतंय की आताच सुचतंय, हे त्याचं त्यालाच कळेनासं झालं होतं.

आबा मात्र मन लावून ऐकत होता. मधेच त्यानं हात वर केला. "त्या ढाबेवाल्या मेंढरांला पानी दावलं का कुनी?"

तिघं एकमेकांकडं बघायला लागली.

"लांबून चालत आली आसतील. वरून भट्टीची धग." आबाच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. मग डोंगर चिरणाऱ्या वज्रनाथानं कुऱ्हाड खाली ठेवली, उल्कानं तारे बाजूला सारले, आणि नीजमुलखातल्या नदीवर घराएवढ्या मेंढ्यांना पाणी पाजण्यात ती दुपार गेली.

पुढच्या बैठकीतही डाव संपला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रामेश्वर तर मुद्दाम लांबवत होताच. झोपलेल्यापर्यंत पोचायला वाट एक असताना तो तीन फाटे फोडायचा. पण त्याला कोडं पडलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. चैताली ही मुद्द्यावर येणारी बाई, तिला अचानक एका महालातली सगळी दारं मोजायची हुक्की आली. सत्यम तर निरर्थक वस्तू चोरत सुटला. कुणाचं जांभईचं मडकं, कुणाचा उजवा खांदा. वाट समोर दिसली की ही दोघं नेमकी उलटीकडं वळायची. रामेश्वरला वाटायचं, यांना घरी जायची घाई नाही का? आणि मग वाटायचं, बरंच आहे.

"कावून संपत न्हाई ह्ये?" एकदा जाताना आबानं विचारलं. त्याचे डोळे आता आत ओढले गेले होते आणि पायरी उतरताना पाय लटपटला. "तुमी समदी शिकल्यासवरल्याली. येका झोपलेल्याला उठवायला एवढा येळ?"

सत्यमनं पुढं होऊन त्याचा हात धरला.

"पुढल्या ऐतवारी वस्तीवर या. मेंढ्या व्यायला आल्यात, मला हलता येनार न्हाई. आन तिथं संपवा."

रामेश्वर रात्रभर तळमळला असं म्हणायला हरकत नाही, पण खरं म्हणजे तो आठवडाभर तळमळला. एका पारड्यात आबाचं मागणं, दुसऱ्यात दोन दोस्तांची सहा वर्षं. दुसरा कुणी म्हणेल, अरे नुसती सोंगं ती, कागदावरची नावं! त्यानं कधी असं काही जपलं नसेल. मांजऱ्या पहिल्यांदा न सापडता पळाला होता तेव्हा सत्यमनं सगळ्यांना जिलेबी खाऊ घातली होती. चैतालीच्या घरी लग्नावरून कटकट चालली होती त्या वर्षात ती म्हणायची, आठवड्यातून एकदा उल्का होते म्हणून बाकीचे दिवस निभतात. हे पुसायचं? पण रविवार उजाडला आणि त्याला आबाचा तो लटपटलेला पाय आठवला. त्यानं ठरवलं, आज उठवायचंच.

वस्तीवर पत्र्याच्या पडवीत आबाची बाज होती. बाजेसमोर पोतं टाकून तिघं बसली. बाजूच्या मेंढ्यांच्या वाड्यात नवी कोकरं ओरडत होती. पंडितची आई कडूबाई सगळ्यांना पाणी देऊन आत गेली. आबा बाजेवर ताठ बसला.

रामेश्वरनं फार वळणं घेतली नाहीत. महाल संपवला, जिना संपवला, सगळी दारं मागं टाकली. "येकच दार ऱ्हायलंय," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटत होता. "त्याच्या आत तो झोपलाय. दार उघडतंय आन आत—"

"उघडू नको!" चैताली म्हणाली.

"थांब बे!" सत्यम ओरडला, त्याच क्षणाला.

दोघं एकमेकांकडं वळली.

"तू का थांब म्हणालास?" चैतालीनं विचारलं.

सत्यमनं मान खाली घातली. "सांगू नको म्हनलता पंडित. पन आता काय... ते सपान मांजऱ्याचं हाय. मला सोताहून सांगितलंय त्यानं, दुकानात येऊन. मांजऱ्या उठला का तुमी दोगं खल्लास. मला न्हाई करायचं ते."

चैतालीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "मांजऱ्याचं? मला शाळेच्या फाटकाशी उभं राहून म्हणाला, उल्काचं! 'कुणाला बोलू नका मॅडम, ती दोघं खरी नव्हतीच.' हेच शब्द. मी इतके रविवार दारं मोजत बसले, तुम्हाला वाचवायला!"

"आन मला ढाब्यावर," रामेश्वर म्हणाला. त्याला हसावं की रडावं ते कळेना. "वज्रनाथाचं म्हनला. मीबी तुमच्यासाठीच..."

 तिघांनी तिघांना वाचवलं होतं, आणि तिघांना एकाच माणसानं गंडवलं होतं. मग खरा झोपलेला कोण? यातलं एक खरं आणि दोन खोटी? की तिन्ही खोटी आणि चौथंच काही त्याच्या मनात होतं? की त्यालाच माहीत नव्हतं, आणि तो बेटा बघू काय होतंय ते, असं म्हणून मोकळा झाला होता? ज्याला विचारायचं तो तर गेला. रामेश्वरला एकदम त्याचा राग आला, खराखुरा, शिवी हासडावी असा, आणि त्या रागाच्या पाठोपाठ इतके दिवस अडलेलं रडू आलं. त्यानं तोंड फिरवलं.

तेवढ्यात आबा हसला. पंडित गेल्यापासून पहिल्यांदा.

"लबाड," तो म्हणाला. "घरातबी आसंच. आईला म्हनायचा, तूच माजी लाडकी. भैनीला म्हनायचा, तूच. मला म्हनायचा, आबा, ह्या बायांला काय कळतंय, आपुन दोगंच खरं." हसू जसं आलं तसं गेलं. "म्हंजी आता संपत न्हाई म्हना की डाव."

"आबा, शेवटच न्हाई त्याला," रामेश्वर नाक पुसत म्हणाला. "कुनाला उठवायचं तेच ठाव न्हाई."

आबानं दाढीचे खुंट खाजवले. मग म्हणाला, "मंग सपान माजं धरा."

"म्हणजे?" चैतालीनं विचारलं.

"त्यानं तुमा तिगांला सांगितलंय. मला न्हाई सांगितलं. म्हंजी ऱ्हायलो मी." त्यानं पटका काढून उशाला ठेवला. "झोपल्याला मी. तुमी मला हुडकत आलाय. सोंग घ्यायचं तर नीट घ्यावं मानसानं." आणि तो खरोखर बाजेवर आडवा झाला, हात छातीवर ठेवले, डोळे मिटले. "हां. उघड आता दार."

यात तर्क काय होता, देव जाणे. पण तिघांपैकी कुणालाही त्याहून चांगलं काही सुचत नव्हतं. रामेश्वरनं दार उघडलं. दाराआड माळ होता, माळावर मेंढ्यांचा वाडा, पत्र्याची पडवी, पडवीत बाज, बाजेवर म्हातारा. हे तो सांगत होता आणि हेच समोर होतं, त्यामुळं आपण डाव सांगतोय की नुसतं बघतोय, याचा त्याला मेळ लागेना.

"वज्रनाथ बाजेपाशी आलाय," तो म्हणाला. "मांजऱ्या, उल्का, तुमी काय करता?"

"मी..." चैताली हात पुढं करणार, तेवढ्यात आबा मिटल्या डोळ्यांनीच बोलला. "थांबा जरा. मी झोपल्यालो हाय न्हवं? मंग मला दिसत आसंल की ह्यात. पंडित हाय का?"

रामेश्वरनं वाड्याच्या दगडी गडग्याकडं बघितलं. "हाय," तो म्हणाला.

"कुठं हाय?"

"गडग्यावर बसलाय. पाय हलवत."

"बारीक झालाय?"

"न्हाई आबा. होता तसाच हाय."

आबानं मान हलवली. "इचार त्याला. समद्यांकडं जातोस, त्या लोकरवाल्याकडं जातोस. बापाकडं कावून येत न्हाईस?"

"ज्याचं त्यानंच इचारायचं आसतंय डावात."

 आबानं गडग्याकडं तोंड करून, डोळे मिटलेलेच, एखाद्या जवळ बसलेल्याला विचारावं तसं विचारलं, "पंडित, माज्याकडं कावून येत न्हाईस रं?"

वाड्यात एक कोकरू ओरडून गप्प झालं. सत्यम जमिनीकडं बघत होता. चैतालीनं फासा मुठीत घट्ट धरला होता. आणि रामेश्वरनं काय बोलायचं ते ठरवायच्या आतच त्याच्या तोंडून निघालं, "आबा, मी रोज येतो की. तुमीच झोपत न्हाई. रोज येऊन बगतो तर तुमी आपले बाजेवर बसलेले. जाग्या मानसाच्या सपनात कुठून शिरायचं, सांगा बरं?"

आपण हे बोललो का? हा चिडवण्याचा सूर आपला नव्हे, एवढं रामेश्वरला कळत होतं. पण आबा झोपत नाही हे आपल्याला कुणी सांगितलं? कडूबाई कधी बोलली होती? की त्या लाल डोळ्यांवरून आपणच कधी ताडलं? त्यानं आठवून बघितलं, काही हाती लागलं नाही. 

 आबाच्या मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी निघालं आणि कानाकडं गेलं. मग तो हळू म्हणाला, "आसं व्हय," आणि कुशीवर वळला.

तिघं वाट बघत बसली. आता आबा पुढचं काही विचारेल, आता उठून बसेल, आता म्हणेल, उठवा मला. पडवीतलं ऊन सरकत पायरीपाशी गेलं.

"आबा?" सत्यमनं हळूच हाक मारली.

उत्तर म्हणून एक बारीक घोरणं आलं. मग दुसरं, जरा मोठं. म्हातारा गाढ झोपला होता, तोंड किंचित उघडं, एक हात बाजेवरून खाली लोंबकळत.

आता फक्त उठवायचं बाकी होतं. झोपलेला सापडला होता, वज्रनाथ त्याच्या उशाशी उभा होता, आणि डावाचा कायदा साधा होता. रामेश्वरनं एक हाक मारली असती की स्वप्न मोडलं असतं, डाव पुरा झाला असता, आणि कावळ्याला भर दहाव्याला दिलेला शब्द खरा झाला असता. तो जरा पुढं सरकला. चैतालीनं त्याचा हात धरला. धरायची गरज नव्हती, कारण तो आधीच थांबला होता.

शब्द पाळायचा म्हणजे नक्की काय करायचं, हे त्याला आता अजिबात समजत नव्हतं.

आतून कडूबाई चहाचे कप घेऊन आली. "आवो, उठा, च्या—"

"श्श!" तीन मोठी माणसं एकदम म्हणाली.

कडूबाई दचकली. तिनं बाजेकडं बघितलं आणि हातातलं ताट तसंच खाली उंबऱ्यावर ठेवलं. कितीतरी वेळ ती नवऱ्याच्या वर-खाली होणाऱ्या पाठीकडं बघत राहिली. मग तिनं बाहेर बघितलं, दिवस मावळतीला टेकला होता.

"तिन्हीसांजंला झोपू न्हाई मानसानं," ती आपल्याशीच पुटपुटली. पण उठवायला गेली नाही. तिथंच उंबऱ्याशी बसली, पदरानं चहावरच्या माशा हाकलल्या, आणि अगदी दबक्या आवाजात रामेश्वरला विचारलं, "डाव संपला का रं?"

रामेश्वरनं आबाकडं बघितलं. मिटल्या पापण्यांखाली बुबुळं हलत होती.

"न्हाई काकू," तो म्हणाला. "चालू हाय आजून."